डिस्क अचानक मोकळी झाली तर आधी बॅकअप उघडून बघा

नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यात किंवा पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली की सुरुवातीलाच ऐकू येतं, "डिस्क भरलीय, जुने बॅकअप उडव." किरकोळ काम म्हणून ते नव्या माणसाकडे ढकलतात. किरकोळ अजिबात नाही ते. तुम्ही पुसलेली फाइल परत मागायला कुणाकडे जाणार?

माझ्या पहिल्या नोकरीत क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, एक स्क्रिप्ट आधीपासून होती. रात्री मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढायचा, पाइपमधून, म्हणजे एका कमांडमधून थेट दुसरीत, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या कमांडला द्यायचा, आणि पुढच्याच ओळीत फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडने सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायच्या. मग केव्हातरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डंप निघेना. पण जीझिपला त्याचं सोयरसुतक नसतं. आत काहीच आलं नाही तरी तो २० बाइटची रीतसर फाइल बनवतो. पाइपमध्ये शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, म्हणून त्याच्या लेखी काम यशस्वी. रोज एक रिकामी फाइल जमा, रोज एक खरी फाइल गायब. नव्वद टक्क्यांच्या पुढे भरलेली डिस्क खाली आली आणि ऑफिसात सगळे खूश. ती मोकळी जागा म्हणजे आमचे गेलेले बॅकअप होते!

हे लक्षात आलं तेव्हा मला दरदरून घाम फुटला. सर्व्हर चालू होता म्हणून लगेच नवा डंप काढता आला. त्या आठवड्यात लाइट जाऊन डिस्क बसली असती तर एकही प्रत हाती नव्हती.

म्हणून हे नीट समजून घ्या. फाइलचं वय बघून पुसू नका. आधी नवी प्रत तयार, मग तिची तपासणी, ती पास झाली तरच जुनी पुसायची. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी ते अपयश धरलं जातं. एकट्या जीझिपच्या तपासणीवर विसंबू नका, कारण २० बाइटची रिकामी फाइलही त्या तपासणीत पास होते. आकार कालच्या फाइलशी ताडून बघा, आणि डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' आहे का ते पाहा. डंप अर्धवट तुटला तर ती ओळ नसते. सात रोजच्या, चार आठवड्याच्या, बारा महिन्याच्या अशा २३ चांगल्या प्रती ठेवल्या तर बहुतेक लहान ऑफिसांचं भागतं. द्राक्षांच्या हंगामात डेटा वाढतो, तेव्हा जागेचा हिशोब फेब्रुवारी-मार्चच्या आकारावर करा, पावसाळ्यातल्या नाही.

फाइंडमध्ये डिलीट नेहमी शेवटी. नावाच्या अटीआधी लिहिलंत तर अट तपासण्याआधीच सगळं साफ होतं. आधी डिलीटच्या जागी प्रिंट लावून यादी वाचा. इंटरनेटवरून आयती ओळ उचलून रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून चालवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आणि "मी सांगतो ना, टाक एंटर" म्हणणारा सीनियर गुरू नव्हे. गुरू तो, जो तुमच्या शेजारी बसून यादी वाचतो.

घाबरू मात्र नका. फाइली पुसूनही डीएफमध्ये (डिस्कची मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा दिसत नसेल तर बहुधा एखाद्या चालू प्रोसेसने फाइल धरून ठेवलेली असते. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने ती प्रोसेस शोधा, ती सर्व्हिस रीस्टार्ट करा. बॅकअपच्या स्वतंत्र ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची एक पद्धत) डिस्कवर सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणजे २ टीबीत साधारण १०० जीबी. ती ट्यून२एफएस या कमांडने कमी करता येते. एवढ्यानेही पुष्कळदा दम खायला वेळ मिळतो.

कॉलेज रोडच्या क्लासमध्ये मला बॅकअप घ्यायला शिकवलं, रिस्टोअर करायला, म्हणजे त्यातून डेटा परत आणायला नाही. ते स्वतः शिका. कोपऱ्यात पडलेला एखादा जुना पीसी मागून घ्या, महिन्यातून एकदा त्यावर ताजी प्रत चढवा आणि अकाउंट्सच्या माणसाला बोलावून कालचं शेवटचं बिल दिसतंय का ते बघायला सांगा.