विश्वामित्री चढायच्या आत: घरी पेशंट असेल तर

घरात डायलिसिसवरचं किंवा ऑक्सिजनवरचं माणूस असेल, तर बडोद्यात पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच उरकून घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये काळा घोडा पुलाशी विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 26 फूट. पूल बंद झाले की शहराचे दोन तुकडे पडतात आणि नेहमीचं डायलिसिस सेंटर पलीकडे राहतं. म्हणून आधी दोन्ही काठांवर एकेक ठिकाण ठरवा. रावपुऱ्याच्या बाजूला सयाजी हॉस्पिटल असेल, तर पलीकडे गोत्रीचं सरकारी हॉस्पिटल. तिथे प्रत्यक्ष जाऊन युनिटच्या टेक्निशियनशी बोलून या. फोनवरची ओळख ऐन वेळी कामाला येत नाही.

नवीन सेंटर पहिल्यांदा मागतं ते हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. ते, शेवटच्या डायलिसिसचा कागद, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन), रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि आयुष्मान कार्ड, सगळं एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला. गोळ्यांच्या ब्रँडसोबत मूळ औषधाचं नावही लिहा, कारण दुसऱ्या दुकानात तोच ब्रँड असेलच असं नाही. डॉक्टरांचे आणि नातेवाइकांचे नंबर कागदावर हवेत. लाइट गेली की मोबाइल किती वेळ टिकणार?

रेड अलर्ट आला की डायलिसिस एक दिवस आधी करून मिळेल का, हे लगेच विचारा. 2012 मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ यायच्या आधी बऱ्याच पेशंटचं डायलिसिस असं अलीकडे ओढलं होतं, आणि नंतरच्या अभ्यासात त्यांच्यावर हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ कमी आल्याचं दिसलं. डायलिसिस लांबलंच तर पाणी मोजून द्या. शहाळं, केळी, टोमॅटो पूर्ण बंद. पुरात वाटल्या जाणाऱ्या पाकिटांत शेव-गाठिया असतात. देणारा प्रेमाने देतो, पण त्यातल्या मिठाने तहान वाढते, ते घरातल्या इतरांनी खावं. इन्सुलिन असेल तर फ्रिज बंद पडल्यावर मातीच्या माठात, ओलं न होईल असं ठेवा. बर्फाला टेकवू नका.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं मशीन) इन्व्हर्टरवर किती तास चालतो, हे आजच मेन स्विच बंद करून घड्याळ लावून बघा. जोडीला बी-टाइप सिलिंडर हवाच. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला 2 लिटरने बारा तासांच्या आसपास. चावी सिलिंडरच्या गळ्यातच दोरीने बांधून ठेवा आणि रेग्युलेटर बसवायला घरातल्या दोघांना तरी शिकवा. रेग्युलेटर घट्ट बसतोय म्हणून त्याला तेलाचा थेंबही लावायचा नाही. ऑक्सिजनजवळ तेल पेट घेतं. देवघरातलं निरांजन आणि उदबत्ती त्या खोलीत नको. आजींना वाईट वाटेल, तरीही नको.

आता हॉस्पिटल. पेशंटला भरती करण्याआधी जनरेटर, त्याचं डिझेल आणि ऑक्सिजनची व्यवस्था कोणत्या मजल्यावर आहे, हे विचारायला संकोच करू नका. सँडीच्या वेळी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते, पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यात रांग करून डिझेल हातोहात वर पोचवलं, तरी शेवटी हॉस्पिटल रिकामं करावं लागलं. 26 जानेवारी 2001 ला भूकंपात भुजचं सरकारी हॉस्पिटलच कोसळलं आणि उपचार उघड्यावर करावे लागले. आणि शेजारच्या भरूचमध्ये 1 मे 2021 ला मध्यरात्रीनंतर कोविड वॉर्डला लागलेल्या आगीत 18 जण गेले. म्हणून वॉर्डात सामान लावलं की दुसरा जिना शोधा आणि त्याचं दार ढकलून बघा. कुलूप किंवा खोकी दिसली तर सिस्टरांना लगेच सांगा, आणि दार मोकळं होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

एक काम शेजाऱ्यांच्या मदतीने होईल. सोसायटीच्या चेअरमनकडे आणि महापालिकेच्या कंट्रोल रूमला जूनमध्येच कळवा: कितवा मजला, पेशंटचं वजन किती, चालता येतं की खुर्चीतून उतरवावं लागेल, ऑक्सिजन लागतो का. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) सहावी बटालियन बडोद्याजवळ जरोदलाच आहे, पण बोटीत स्ट्रेचर घ्यायचं की नाही हे त्यांना निघण्याआधी कळायला हवं.