विदर्भातल्या खेड्यात राहून मोठ्या वयात फिगर स्केटिंग कसं शिकायचं

बर्फ नाही म्हणून अडून राहू नका. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात बर्फाचं रिंक कोणी टाकणार नाही, पण फिगर स्केटिंगमधलं बरंच काही चार चाकांवर शिकता येते, त्याला आर्टिस्टिक रोलर स्केटिंग म्हणतात आणि तो नकली खेळ नाही, २०१० च्या ग्वांगझू एशियन गेम्समधे अनुप कुमार यामाने त्यातच ब्रॉन्झ आणलं. वयाचं म्हणाल तर जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला मोठ्यांची स्पर्धा होते, तिथे २८ च्या आतल्याला एन्ट्रीच नाही. तेव्हा "काहून बाप्पा, ह्या वयात?" असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

आधी स्केट. लहान पोट्ट्यांचे खालीवर सरकवून साईज वाढवायचे स्केट मोठ्या माणसाच्या वजनाला चालत नाहीत. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारा, खाली दोन-दोन चाकांच्या दोन जोड्या आणि पुढे रबराचा टो-स्टॉप (म्हणजे ब्रेक) असलेला क्वाड स्केट घ्या. एका रांगेतल्या चाकांचे इनलाईन स्वस्तात दिसतात पण ते स्पीडवाल्यांचे, आपल्या कामाचे नाहीत. चाकावर नंबर असतो, ७८ ते ८५ ए म्हणजे नरम, खरबडीत सिमेंटवर तेच बरे, ९५ च्या वरचे कडक चाक गुळगुळीत हॉलसाठी. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि टोंगळ्याचे पॅड, यातलं एकही गाळायचं नाही, मोठ्या माणसाचं मनगट फार लवकर मोडते. ओढणी, लुंगी, पायघोळ कपडे चाकात जातात, ट्रॅक पॅन्ट घाला.

जागा कुठली? शाळेचं सिमेंटचं पटांगण, मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, बाजार समितीचं शेड (माल नसेल तेव्हा, आणि विचारून). पॉलिश केलेली फरशी दिसायला छान पण चाक सुटते, ओल्या फरशीवर तर पायच ठेवू नका. आधी झाडून घ्या, एक खडा चाकाखाली आला की माणूस तोंडावर. आपल्या काळ्या मातीची धूळ बेअरिंगमधे जाते मग चाक करकरते, तेव्हा बेअरिंग काढून रॉकेलमधे धुवायचं (विडी-काडीपासून दूर, मोकळ्या हवेत), पूर्ण वाळवायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खराबच झालं तर ६०८ नंबरचं बेअरिंग मागा, बहुतेक स्केटला तेच लागते.

आता पडणं. हो, आधी पडणंच शिका, आणि ते स्केट न घालता गादीवर. तोल गेला की टोंगळे वाकवून खाली बसायचं, एका कुल्ह्यावर कलंडायचं, हात मागे टेकायचे नाहीत. उठताना आधी रांगत्या पोझिशनमधे यायचं, एक पाय पुढे, दोन्ही हात त्या मांडीवर आणि वर. आपल्याकडे उकिडवं बसायची सवय असते तिचा इथे फायदा होतो. घरी एका पायावर उभं राहून दात घासा, घोट्याला ताकद येते. जुनं फ्रॅक्चर, बीपी, चक्कर असं काही असेल तर डॉक्टरला आधी विचारा.

मग जागच्या जागी पावलं उचला, हळूहळू पुढे सरका, दोन्ही पायांवर घरंगळा. थांबायला मागचा पाय आडवा करून चाकं घासत आणायची, याला टी-स्टॉप म्हणतात. नंतर दोन्ही पाय बाहेर-आत नेत जमिनीवर लिंबाचा आकार काढायचा. हे आलं की एका पायावर घरंगळणं. इथपर्यंत घाई नाही.

खरं काम पुढे आहे, ते म्हणजे एज, पाय आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर कलवून वळत जाणं. टीव्हीवर लोक उड्या बघतात, पण टो लूप, साल्काव, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल या सहाही उड्या शेवटी मागे जात-जात पायाच्या बाहेरच्या कडेवर उतरतात, ती कड पक्की नसेल तर उडी कितीही उंच मारली तरी आपटणारच. म्हणून गोल आखा. मधे एकाने दोरी धरायची आणि दुसऱ्याने ८-९ फुटांवरून चुन्याने रिंगण काढायचं, म्हणजे व्यास माणसाच्या उंचीच्या साधारण तिप्पट होते. जुन्या काळी बर्फावर असेच गोल गिरवून घ्यायचे, १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून ते काढून टाकले, माझ्या मते नवशिक्याने तरी ते सोडू नये. डाव्या पायावर उभं राहून रिंगणाचा मध्य डाव्या हाताला ठेवा, टोंगळा वाकवा, डावा हात पुढे, उजवा मागे, आणि कंबरेत न मोडता अख्खं शरीर थोडं आत कलवा, चाक आपोआप वळते. वळतच नसेल तर खालच्या ट्रकचे (चाकांची जोडी ज्यावर बसते त्या भागाचे) नट चारही ठिकाणी सारखे, पाव-पाव आटाच ढिले करा. पुढे जाताना चारही एज (दोन्ही पायांच्या आतल्या आणि बाहेरच्या) आल्या की थ्री टर्न, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे वळणं, मग मागे जायचं, मग छोटी वॉल्ट्झ जंप, म्हणजे पुढे जाताना उडून अर्धी गिरकी घेत मागे तोंड करून उतरणं.

बर्फावर जायचं तर गुरुग्रामच्या मॉलमधे रिंक आहे, देहरादूनला आहे, शिमल्याचं उघडं रिंक थंडीतच चालते आणि तेही सकाळ-संध्याकाळ, कारण दुपारी बर्फ नरम पडतो. तिथे टो-स्टॉपची सवय विसरा, ब्लेडच्या पुढचे दाते ब्रेकसाठी नसतात, ते टेकले की तोंडावरच पडाल. वजन पायाच्या मधोमध ठेवा, थांबायला पाय बाहेर ढकलत बर्फ खरवडा. मोजे पातळ, हातात ग्लोव्ज. भाड्याचे बूट घेताना दाते असलेले फिगरचेच मागा, हॉकीचे नाही, आणि ब्लेडच्या कडेवर नख आडवं ओढून बघा, नखाचा बारीक भुसा निघाला तर धार आहे, नाही निघाला तर जोडी बदलून मागा.