भाकितातला खलनायक रंगवताय? या चुका टाळा

गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडची चित्रकार मुलं आपल्या फँटसी ग्राफिक नॉव्हेलची कच्ची पानं वाचायला देतात, तेव्हा बऱ्याच गोष्टींचा गाभा सारखा निघतो: हे पोर मोठं होऊन राज्य बुडवणार, असं त्याच्या जन्माआधीच भाकीत झालंय. विषय दमदार आहे. तरी निम्म्यावर आल्यावर गोष्ट बसते, कारण सगळा भार भाकितावर टाकलेला असतो आणि खलनायक स्वतः काहीच ठरवत नाही.

यावर कंसाइतका चांगला धडा नाही. आकाशवाणी एवढंच सांगते, की देवकीचं आठवं अपत्य तुझा काळ ठरेल. त्या वेळी लाडक्या बहिणीच्या वरातीचा रथ कंस स्वतः हाकत असतो. पुढच्याच क्षणी एका मुठीत देवकीचे केस, दुसऱ्या हातात तलवार. ही चौकट सगळे काढतात. पण भागवताच्या दहाव्या स्कंधात यानंतर जे येतं ते जास्त मोलाचं आहे. वसुदेव दिलेल्या शब्दाला जागून पहिलं मूल, कीर्तिमंत, आणून समोर ठेवतो आणि कंस ते परत करतो. मला भय आठव्याचं, याचं नाही, असं सांगून. मग नारद येतात, यदुकुळात देवच जन्माला आलेत आणि दैत्यांच्या नाशाची तयारी चाललीय हे त्याच्या कानावर घालतात, आणि तिथून बेड्या नि हत्या सुरू होतात.

मूल परत करण्याचं ते पान तुमच्या गोष्टीत आहे का? दुसरी वाट खुली होती हे वाचकाला दिसलं, तरच पुढचं पाप खलनायकाच्या पदरात पडतं. या पानाला घाई करू नका. मूल हातात घेतलेला कंस, त्याचा सैल पडलेला चेहरा, वसुदेवाचा अजून विश्वास न बसलेला चेहरा: तीन मोठ्या चौकटी, संवादाचा एकही फुगा नको. गोष्ट अडकली असेल तर संहितेतून भाकीत पूर्ण खोडा आणि पुन्हा वाचा. खलनायकाच्या ज्या कृत्याला आता काहीच कारण उरलं नाही, तिथे नवा प्रसंग लिहायला हवा.

भाकिताचं रूपही उसनं असतं. गुहा, झगा घातलेला म्हातारा, यमक जुळवलेल्या चार ओळी. अहो, आपल्या देवळांत कौल लावतात! मूर्तीवर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची, यावर उत्तर ठरवायचं. यात प्रश्न माणसाचा असतो, हे कथाकाराने ध्यानात घ्यावं. कौल कोणी लावला, कोणत्या शब्दांत विचारलं, पाकळी पडताना तिथे कोण हजर होतं, कोणाला उशीर झाला? राणीने ‘हा मुलगा राज्य राखील का?’ असं विचारलं आणि डावी पाकळी पडली, तर ‘हा राज्य बुडवील’ असा अर्थ कोणी काढला? हे कोडं पुस्तकाच्या शेवटापर्यंत पुरतं.

खलनायकाला पहिल्या पानापासून सुळे आणि लाल डोळे देऊ नका. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराला तसा चेहरा शोभतो, कारण त्याचा शेवट त्याच रात्री व्हायचा असतो. तुमच्या पात्राला दोनशे पानं जगायचंय. त्याच्या बालपणीची एक खूण ठरवा, जसं भुवयांचा बाक किंवा बोटं चोळायची सवय, आणि राक्षसी रूपातही ती तशीच ठेवा. चेहरा बदलत जाईल तसे त्याचे सगळे टप्पे एकाच कागदावर शेजारी-शेजारी काढून भिंतीवर लावा, म्हणजे चाळिसाव्या पानावर नाक बदलत नाही.

धक्का समोरासमोरच्या पानांवर ठेवला तर वाया जातो, नजर आधीच तिकडे जाते. छापील पुस्तकात तो पान उलटल्यावर डाव्या, म्हणजे सम आकड्याच्या पानावर आणा. वेबवर मात्र हा नियम लागू नाही.

अक्षरांकडे दुर्लक्ष फार होतं, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण सुंदर चित्रं त्यापायी वाचवत नाहीत. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अंतर वाढवा, आणि चित्र काढण्याआधी मजकूर बसवून फुग्याची जागा राखा. ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल किंवा जोडाक्षरं सुटी पडत असतील, तर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी परिच्छेद कंपोझर (Adobe World-Ready Paragraph Composer) हा पर्याय निवडा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फाइल उघडल्यावर अक्षरांचा चिवडा होतो.

छपाईला देताना चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जादा चित्र, सोडा. काळी रेघ 600 डीपीआयला (इंचामागे 600 ठिपके) स्कॅन करा. फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईची, शंभर टक्के, ठेवा. छपाईच्या चारही शाया (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) मिसळलेला काळा वापरला आणि छपाईत रंग केसभर सरकला, तर प्रत्येक अक्षराला रंगीत कडा येते.