गोकाकचा धबधबा: पाऊस नको, धरण बघून निघा

जूनमध्ये बेळगावात दोन दिवस सलग पाऊस कोसळला की रविवारी गाड्या गोकाकच्या रस्त्याला लागतात. साठेक किलोमीटर जाऊन बरेच जण कातळावरच्या चार बारीक धारा बघतात आणि कणसे खाऊन परततात. बेळगावच्या पावसाने हा धबधबा भरत नाही, एवढे आधी डोक्यात घ्या.

धबधबा घटप्रभा नदीचा. तिचे पाणी चंदगडच्या बाजूने येते आणि हिडकल धरणात अडते. धरणाखाली हिरण्यकेशी नदी मिळते, तिचे पाणी आंबोली-आजऱ्याचे. पुढे धूपदाळचा बंधारा, डावा कालवा तिथूनच निघतो. या सगळ्यांतून उरेल ते पाणी कड्यावरून पडते. म्हणून निघण्याआधी स्थानिक दैनिकातली धरणाची पातळी बघा. हिडकल 2175 फुटांना भरते. पातळी त्याच्या जवळ पोचली असेल आणि सोबत 'विसर्ग सुरू' असे छापले असेल तर खुशाल निघा. धरण अर्धे असले तरी आजरा-गडहिंग्लजला जोराचा पाऊस चालू असेल तर जायला हरकत नाही. बहुतेक वर्षी ऑगस्ट ते सप्टेंबर हा काळ धरून चालावा. उन्हाळ्यात फक्त धबधब्यासाठी जाऊ नका.

सकाळी लवकर पोचा. नदी इथे पूर्वेकडे वाहते, त्यामुळे खालच्या अंगाला उभे राहून कड्याकडे पाहिले की सकाळचे ऊन पाठीवर येते. इंद्रधनुष्य दिसायला तेच लागते. ढग असतील तर अर्थात विसरा. दुपारनंतर ऊन समोरून येते, आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीही तेव्हाच वाढते.

बसने जाणार असाल तर पाट्या कानडीत असतात. कंडक्टरला नुसते 'गोकाक' न म्हणता 'गोकाक फॉल' सांगा, कारण शहर धबधब्याच्या पुढे काही किलोमीटरवर आहे.

कडा 52 मीटर उंच, घोड्याच्या नालासारखा वळलेला, काठावर रुंदी 177 मीटर. झुलता पूल सुमारे 201 मीटर लांब, पण तो धबधब्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथून पाणी काठाकडे धावताना दिसते, पडताना दिसत नाही. बरेच जण पुलावरच थांबून 'पाहिला' म्हणतात, ते अर्धेच पाहणे. शिवाय पूल नेहमी खुला असतोच असे नाही. पडणारा पडदा बघायला कठड्याच्या आतून खालच्या बाजूला सरका. जवळच महालिंगेश्वराचे जुने चालुक्य शैलीचे देऊळ आहे, आणि 1887 साली सुरू झालेली सूतगिरणी. धबधब्याच्या पडीवर यंत्रे चालवायची म्हणूनच ती इथे आली.

उंची नजरेत मावत नाही, त्याला एक युक्ती आहे. सगळा धबधबा एकदम बघू नका. काठावरून सुटणारा पाण्याचा एकच पांढरा लोळ धरा आणि तळापर्यंत नजर त्याच्यासोबत खाली न्या. 52 मीटर पडायला सव्वातीन सेकंद तरी लागतात, हवेच्या अडथळ्याने थोडे जास्तच. लोळ वाटेत फाटतो, त्याचे तुषार होतात आणि ते शेजारच्या धारेपेक्षा सावकाश उतरतात. असे चार-पाच लोळ पाहिले की मग मागे सरून पूर्ण कडा बघा. आता तो कितीतरी मोठा दिसतो.

फोटोसाठी: पाणी गोठवायचे तर शटर 1/1000, रेशमासारखे हवे तर 1/4 आणि तिपाई. तिपाई कातळावरच लावा, कारण पूल माणसांच्या पावलांनी हलतो आणि सगळे फोटो पुसट येतात. लेन्सच्या काचेवर तुषार बसतात, ते टिपायला धुतलेले सुती फडके ठेवा. नवे फडके पाणी शोषत नाही, नुसते पसरवते.

आता धोका. काठावरचा ओला कातळ शेवाळाने गुळगुळीत असतो आणि रबरी चप्पल त्यावर धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे पात्रातला कोरडा कातळ. आभाळ निरभ्र असतानाही वर धरणाची दारे उघडली की पाणी चढते, म्हणून इथे पाऊस नाही हे पात्रात उतरायचे कारण होऊ शकत नाही. पुराचा इशारा असेल तर बेत रद्दच करा. ऑगस्ट 2019 मध्ये गोकाक शहरातच पाणी शिरले होते.

वेळ उरला तर गोडचिनमलकी जोडा, गोकाकहून पंधराएक किलोमीटर. ही मार्कंडेय नदी, म्हणजे पाण्याचा हिशेब वेगळा: बेळगावचा पाऊस उपयोगी पडतो तो इथे, पण वाटेत शिरूरचे धरण आहे. धबधबा दोन टप्प्यांत पडतो, पहिला सुमारे 25 मीटर, दुसरा 18. शेवटचा भाग पायी आहे, चिखलात चालतील असे बूट घाला आणि अंधाराआधी वर या.

करदंट, म्हणजे इथली डिंकाची मिठाई, घ्यायचा तर गोकाक गावात घ्या. डिंक आणि सुकामेवा भरपूर असलेला, गुळाचा मागा. हवा दमट असते, पुडा घरी पोचेपर्यंत फोडू नका, चिकट होतो.