बुडालेल्या बोटीची गोष्ट शोधायची तर सुरुवात कुठून करायची?

बुडालेली बोट म्हटलं की सगळे थेट टायटॅनिकवर जातात, पण आपल्या दारात रामदास बुडाली त्याचं काय? १७ जुलै १९४७, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि ६०० च्या वर माणसं गेली. मी तर म्हणेन पहिली हीच घ्या.

आधी तारखेवरून जुनं पंचांग काढा, खरंच काढा. त्या दिवशी आषाढी अमावस्या होती, म्हणजे गटारी, म्हणजे सणाला गावी निघालेल्यांची गर्दी, वर अमावस्येचं उधाण आणि भर पावसाळा. एवढ्या एका पानावरून बोट कशी भरली असेल ते कळायला लागतं.

मग पेपर. फक्त दुसऱ्या दिवशीचा अंक बघून थांबू नका, पुढचे दोन-तीन आठवडे नीट चाळा, कारण महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि ही बातमी मागे पडत गेली, छोट्या छोट्या बातम्या आतल्या पानांवर असतात. सरकारी कागदांसाठी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे, तिथे चौकशी करा.

डायव्हिंगचं म्हणाल तर मुंबईच्या गढूळ पाण्यात हा नाद नकोच, रेक म्हणजे बुडालेल्या बोटीचा सांगाडा बघायचाच असेल तर गोव्यात ग्रँड आयलंडजवळ सुझीज रेक आहे, पावसाळा सोडून जा, ट्रेनरसोबतच उतरा आणि खालचं काहीही उचलून आणू नका.

पण खरी गोष्ट माणसांकडेच मिळते. रेवस, मांडवा, अलिबागच्या बाजूला जा, आणि गेल्या गेल्या "बोट कशी बुडाली" विचारू नका, "तुमच्या घरातलं कोण होतं, कशासाठी निघालेलं" असं विचारा, मग बोलणं आपोआप सुरू होतं. बोटीवर वायरलेस नव्हता म्हणून मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नव्हता, आणि तोवर मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून माणसं वर ओढली असं सांगतात. त्या दिवसाची अख्खी कमाई पाण्यात टाकली हो त्यांनी! हे कुठल्या चौकशीच्या कागदात शोधत बसण्यापेक्षा कोळीवाड्यात विचारा.

जुन्या आजींशी बोलताना घाई नको, रेकॉर्डिंग आधी विचारून. दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले तर दोन्ही लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा, आणि घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय नाव-फोटो कुठे टाकू नका.