धडक बसणारच असेल तर हात कुठे ठेवायचे? रॅलीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मी नाशिकची, सिडकोत वाढलेली, गेली काही वर्षं मोटार रॅलीत नेव्हिगेटर म्हणून बसतेय, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुढचा रस्ता वाचून सांगते. दर सीझनला दोन-चार पोरंपोरी विचारतातच की ताई आम्हालाही बसायचंय, काय काय शिकू. पेस नोट्सचं, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदींचं विचारतात, टायरचं विचारतात, लायसनचं विचारतात, पण गाडी धडकणार हे कळल्यावर अंगाचं काय करायचं हे अजून एकानेही विचारलेलं नाहीये, म्हणून बसून लिहितेय.

मला हे अंबडच्या एका गॅरेजवाल्या काकांनी शिकवलं. गाडी स्टँडवर चढवलेली, चाकं काढलेली, इंजिन बंद, आणि मला हेल्मेट घालून पट्ट्यांत आवळून बसवायचे. मग इकडचं तिकडचं बोलत राहायचे, डब्यात काय आणलंस, भाऊ काय करतो, आणि मध्येच जोरात ओरडायचे, "भिंत!" की मी डोकं मागे सीटला टेकवायचं, हात छातीवर आडवे घेऊन खांद्याचे पट्टे धरायचे, कोपरं अंगाला चिकटून. पहिले कितीतरी दिवस माझा हात पुढे डॅशबोर्डकडेच जायचा. जाणारच, लहानपणापासून पडताना आपण हातच टेकवतो ना. काका म्हणायचे, "अगं पोरी, तो हात मोडायचाय का तुला?"

का मोडतो ते एकदा आकड्यात बघा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. त्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर सरासरी ४० जीच्या आसपास झटका बसतो, म्हणजे अंगाचा प्रत्येक भाग चाळीसपट जड झाल्यासारखा पुढे जातो. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरलं तर २६० किलो होतात. हे कुठली मान पेलणार आणि कुठले दंड पेलणार? जोर लावून घट्ट धरून बसलं की वाचतो असं खूप जणांना वाटतं, ते डोक्यातून काढून टाका. झटका खायचं काम सीटचं आणि पट्ट्यांचं, आपण फक्त हात-पाय-डोकं त्यांच्या आत ठेवायचं.

ड्रायव्हरचं थोडं वेगळं असतं. पुढचं चाक भिंतीला किंवा दगडाला लागलं की ते फटकन वळतं आणि त्याच्यासोबत स्टिअरिंग असं गर्रकन फिरतं की आत अडकलेला अंगठा किंवा मनगट गेलंच समजा. म्हणून सर्किटवरचे ड्रायव्हर भिंतीला लागायच्या आधी स्टिअरिंग सोडून हात छातीशी घेतात, फॉर्म्युला वनच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात हे नीट दिसतं, एकदा स्लो करून बघाच. पण गाडी वाचायचा चान्स आहे तोपर्यंत हात स्टिअरिंगवरच आणि पाय ब्रेकवरच, चान्स संपला की मगच सोडायचं. गाडी गोल फिरायला लागली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबायचे. आणि रॅलीत एवढा वेळ बऱ्याचदा मिळतच नाही, म्हणून अंगठा कधीच स्टिअरिंगच्या दांड्यांमध्ये घालायचा नाही, रिंगवर बाहेरूनच ठेवायचा, अगदी पहिल्या दिवसापासून.

हे मी समोर बघितलंय. दिंडोरीकडे एका खासगी जागेत प्रॅक्टिस चालू होती, रात्री पाऊस होऊन गेलेला, मुरूम ओला, डाव्या वळणावर गाडी सरकत गेली आणि पुढचं उजवं चाक द्राक्षबागेच्या बांधाला लागलं. माझे हात आपोआप पट्ट्यांवर गेले होते, मला कळायच्या आधी. नोट्सची वही उडून काचेवर आपटली. शेजारी बघितलं तर ड्रायव्हरदादाच्या ग्लोव्हचा अंगठा उलट्या बाजूला वळलेला, आणि तो त्याच्याकडे नुसता बघत बसलेला. मला काय झालं तर गळपट्टीच्या हाडावर आणि कमरेवर निळेकाळे पट्टे, पाडव्याला साडी नेसले तेव्हाही ते गळ्याशी दिसत होते आणि आई दिवसभर गप्प होती.

ते वळ बरोबर जागी उमटले कारण पट्टे बरोबर जागी होते. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर, आणि तो सगळ्यात आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. खांद्याचे आधी ओढले की कमरेचा वर पोटावर सरकतो आणि मग मार आतड्यांना बसतो. मानेसाठी हान्स, म्हणजे खांद्यांवर बसणारा आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेला कॉलर, घालायचाच. अमेरिकेत प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि रेसर जिम डाउनिंग यांनी तो १९८० च्या दशकात तयार केला, पण अवघडतं म्हणून कित्येक ड्रायव्हर वर्षानुवर्षं घालत नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या रेसमध्ये रेसर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला, त्यानेही असलं काही घातलं नव्हतं. त्याच वर्षी नॅस्कार या तिथल्या रेसिंग संस्थेने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ ला हान्स. त्यामुळे मान वळवता येत नाही म्हणून कुणी कुरकुर केली की मला खरंच राग येतो.

गाडी पलटी होत असेल तर हात छताला लावायचा नाही, खिडकीबाहेर तर अजिबातच नाही. उलटी होऊन थांबली तर घाईने बकल उघडू नका, आपटाल मानेवर, आधी पाय रोवून एक हात छताला द्यायचा आणि मगच उघडायचं. आग नसेल तर कट-ऑफ (गाडीची वीज तोडायचा स्विच), बाहेर पडणं, मागच्या गाड्यांसाठी किमान ५० मीटर मागे त्रिकोण आणि आम्ही ठीक आहोत हे दाखवायला हातात ओकेचा बोर्ड, या क्रमाने.

आणि एक, हे हात सोडणं मुंबई-आग्रा हायवेवर करू नका प्लीज. रोजच्या गाडीत रॅलीच्या गाडीसारखे सहा ठिकाणी बांधलेले पट्टे नसतात, एअरबॅग असते, तिथे शेवटपर्यंत ब्रेक दाबायचा आणि हात स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे, मध्ये आडवे नाहीत.

त्या बांधानंतर काकांनी माझे पट्टे कापूनच टाकले, दिसायला धड होते तरी, कारण एकदा ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा तसाच धरेल याचा भरवसा नसतो. हेल्मेटही बदललं. नवीन पट्टे बसवले त्याच संध्याकाळी मला परत आत बसवलं, आणि विचारलं, डब्यात काय आणलंस आज.