डाग काढताना सीटच घालवू नका: या चुका टाळा

गाडीच्या सीटवर पडलेला डाग सहसा सीटचे काही बिघडवत नाही. सीट बिघडते ती डाग काढणाऱ्याच्या घाईने. कुशनवाल्याकडे कव्हर बदलायला आलेल्या सीटा पाहा: डाग केव्हाच गेलेला असतो आणि त्याच्या जागी घासून पांढरा पडलेला, चिकट झालेला नाहीतर तडकलेला पट्टा असतो.

ज्याला आपण सर्रास 'लेदर सीट' म्हणतो ते बहुतेक गाड्यांत चामडे नसतेच. खाली विणलेले पॉलिएस्टरचे कापड, त्यावर पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लास्टिकचा थर आणि सगळ्यात वर अगदी पातळ असा संरक्षक लेप. पीव्हीसीचे ते आपले रेक्झीन. बहुतेक डाग या वरच्या लेपावर बसलेले असतात. लेप शाबूत असेल तर आज न निघालेला डाग उद्या काढता येतो. लेप विरघळला की घरच्या घरी काहीच करता येत नाही.

नेलपेंट रिमूव्हर आणि थिनर

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात जास्त हीच होते. म्हापशाकडच्या एका टॅक्सीच्या मागच्या सीटवर बॉलपेनची चार बोटे लांब रेघ उठली. ड्रायव्हरने कापसावर नेलपेंट रिमूव्हर घेऊन पुसले. दहा सेकंदांत रेघ गेली, आणि तिच्याबरोबर बशीएवढ्या जागेची चकाकीही गेली. ती जागा हाताला किंचित चिकट लागू लागली. कळंगुटहून परतणाऱ्या प्रवाशांच्या अंगावरची रेती आणि धूळ तिथे चिकटून ती करडी दिसू लागली. मळ बसला असे समजून त्याने पुन्हा तेच केले. एप्रिल-मेच्या उन्हात तो भाग कडक झाला आणि बसताना जिथे घडी पडते तिथे तडकला. जूनमध्ये भिजलेल्या प्रवाशांच्या कपड्यांतले पाणी त्या भेगांतून फोममध्ये गेले. गाडीत कुबट वास भरला. शेवटी मागच्या सीटचे पूर्ण कव्हर आणि बैठकीचा फोम बदलावा लागला. एका रेघेसाठी.

याचे कारण साधे आहे. ॲसिटोन आणि थिनर वरचा लेप विरघळवतात. शिवाय रेक्झीन मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते तेही ओढून काढतात. ते निघून गेले की उरते ते ठिसूळ प्लास्टिक. पेट्रोल आणि रॉकेलचाही हाच परिणाम होतो, फक्त थोडा हळू.

शाईसाठी ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. औषधांच्या दुकानात मिळते. आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर एक थेंब लावून दोन मिनिटे थांबा. कापसाला सीटचा रंग लागला किंवा जागा चिकट झाली तर ते त्या सीटवर वापरायचे नाही. काही झाले नाही तर कान साफ करायची कापसाची काडी भिजवा, पिळून ओलसर ठेवा आणि रेघेवर फिरवा. रेघेच्या टोकाकडून मध्याकडे, आडवे पसरवू नका. दहा-पंधरा सेकंद, मग ओल्या कापडाने पुसा. दर वेळी नवी काडी घ्या, नाहीतर निघालेली शाई पुन्हा सीटलाच लागते. तीन फेऱ्या झाल्या की थांबा. फिकट रेघ राहिली तर राहू द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघता येईल. गाडीची दारे उघडी ठेवा आणि जवळपास कोणी सिगारेट पेटवणार नाही हे पाहा.

पावसाळ्यात सीट धुणे

दुसरी मोठी चूक पाण्याची. वॉशिंग सेंटरला प्रेशरच्या पाइपाने किंवा घरी बादलीने सीट धुणारे लोक आहेत. रेक्झीनमधून पाणी जात नाही हे खरे, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याला भोक असते. बारीक छिद्रांच्या सीटला तर सगळीकडेच भोके. आत गेलेले पाणी फोम धरून ठेवतो. जून ते सप्टेंबर गोव्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की बंद गाडीतला फोम चार-चार दिवस वाळत नाही, आणि तेवढ्यात बुरशी धरते. वरून पुसलेली बुरशी दर आठवड्याला परत येते, कारण ती खाली वाढत असते. शिवाय सीटखाली वायरी आणि पिवळे कनेक्टर असतात. ते एअरबॅगच्या यंत्रणेचे. तिथे पाणी घालायचे नाही आणि ते ओढायचेही नाहीत.

रोजच्या मळासाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, सौम्य द्रव साबण किंवा लहान मुलांचा शांपू पुरेसा आहे. जास्त साबण घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही. तो सीटच्या खरखरीत पोतात अडकतो आणि नंतर धूळ धरतो. कापड फेसात बुडवून पिळा, हातभर जागा पुसा, लगेच साध्या ओल्या कापडाने साबण काढा, मग कोरड्या कापडाने वाळवा. तेवढी जागा झाल्यावरच पुढे सरका. शेवटी चारी दारे उघडून पंख्याखाली तीन-चार तास.

वर बुरशीचे ठिपके दिसत असतील तर तोंडाला मास्क लावून गाडी मोकळ्यावर काढा. पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पुसा, वाळवा, मग अल्कोहोलचा एक हात फिरवा. ब्लीच वापरू नका. त्याने शिवणीचा धागा कमजोर होतो, आणि व्हिनेगरबरोबर आले तर क्लोरीन वायू सुटतो.

हळदीचा डाग लाल झाला म्हणून घाबरणे

शागुतीचा डबा कलंडतो किंवा हुमणाचा रस्सा सांडतो. साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो आणि माणूस धीर सोडून हाताला येईल ते ओतू लागतो. डाग वाढलेला नसतो. हळदीतले कर्क्युमिन अल्कलीत लाल होते आणि बरेच साबण अल्कली असतात, एवढेच. व्हिनेगरच्या पाण्याने पुसले की पिवळा रंग परत येतो.

क्रम असा ठेवा. आधी चमच्याने रस्सा उचला, पुसू नका. पुसल्याने तेल पसरते. मग साबणाचे कापड, म्हणजे तेल जाईल. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून नंतर वर सांगितलेली काडी. तरीही जी पिवळी झाक उरते ती उजेडावर सोडा. कर्क्युमिन प्रकाशात विटते. काचेतून येणाऱ्या उजेडातही दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. हा उपाय फुकट आहे, सीटला काही करत नाही, आणि लोकांना तोच सगळ्यात अवघड वाटतो, कारण त्यात काही न करता थांबायचे असते.

बाकीच्या चुका

रेती असताना पुसणे. कोलव्याहून किंवा मिरामारहून आल्यावर आधी व्हॅक्यूम, शिवणीच्या खाचांसकट, मगच कापड. कापडाखाली अडकलेली रेती पॉलिशपेपरचे काम करते.

शिगम्याचा गुलाल ओल्या कापडाने पुसणे. कोरडा गुलाल व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने बहुतेक निघतो. पाणी लागले की त्याचा रंग होतो.

डिचोली-सांगेकडची तांबडी माती ओली असताना घासणे. वाळू द्या, झाडा, मग पुसा.

समुद्राचे पाणी लागलेली सीट तशीच वाळू देणे. मीठ हवेतले पाणी ओढते आणि सीट कायम ओलसर राहते. साध्या पाण्याने दोनदा पुसा, साबण नको.

उन्हात तापलेल्या सीटवर काम करणे. साबण क्षणात वाळतो आणि कडेने गोल डाग उरतो.

भांडी घासायची हिरवी घासणी, टूथपेस्ट, खायचा सोडा: तिन्ही घासून काम करतात. पांढरा 'मॅजिक' स्पंजही. तो मऊ वाटतो, पण अतिशय बारीक पॉलिशपेपर आहे.

खोबरेल लावून चमक आणणे. तेल धूळ धरते, टाक्यांच्या भोकांत जाते आणि काही दिवसांनी खवट वास येतो.

जीन्सचा निळा रंग

याची वेगळी नोंद, कारण इथे थांबणे उपयोगाचे नाही. नव्या, पावसात भिजलेल्या जीन्सचा रंग आधी लेपावर असतो आणि नंतर पीव्हीसीच्या आत शिरतो. फिक्या सीटवर निळसर झाक दिसली की त्याच दिवशी साबणाच्या कापडाने पुसा, न निघाल्यास अल्कोहोल वापरा. महिनाभर बसलेली निळाई कोणत्याही क्लीनरने पूर्ण जात नाही, आणि ती जात नाही म्हणून जोर लावणारा पुन्हा थिनरच्याच वाटेला जातो. जीन्स चार-पाच वेळा धुऊन होईपर्यंत सीटवर जुना सुती टॉवेल टाकून बसा.